पाचशे वेढे

वायरमनने सकाळची कामं उरकली, हातपाय धुतले, टेबलावर वही उघडली आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

"अहो, लक्ष आहे ना?" टेपमधून बायकोने विचारलं.

"आहे, आहे," वायरमन म्हणाला.

"मग पेन्सिल चघळू नका."

त्याने मुकाट्याने पेन्सिल तोंडातून काढली. बायकोला जाऊन चार महिने झाले होते, पण तिचा दरारा तसूभरही कमी झाला नव्हता.

तीस वर्षं या माणसाने लोकांच्या घरांत वायरिंग केलं होतं. विजेचे झटके तर इतके खाल्ले होते की जेवण तेवढं नीट खाल्लं असतं तर पैलवान झाला असता. पण प्रवाह म्हणजे काय असं कोणी विचारलं, की तो बटणाकडे बोट दाखवायचा. बायको कॉलेजात फिजिक्स शिकवायची. "तुमचे हात पदवीधर आहेत, डोकं अजून बालवाडीत आहे," असं म्हणत एक दिवस तिने इंटरच्या फिजिक्सच्या परीक्षेचा फॉर्म त्याच्या नावाने भरूनही टाकला. पुढे ती अंथरुणाला खिळली. समोरासमोर शिकवणं जमेना. तिला दम लागायचा, आणि तिच्या उतरलेल्या चेहऱ्यापुढे याला एक अक्षर दिसायचं नाही. म्हणून तो कामावर गेला की ती पडल्या पडल्या टेपवर बोलायची. 'वीज आणि चुंबकत्व', एकूण सात धडे, सगळे मिळून एक कॅसेट.

चार महिन्यांत तो चौथ्या धड्यावर पोचला होता. माणूस मठ्ठ नव्हता. धडा संपत आला की टेप मागे न्यायचा, इतकंच. सातवा धडा संपला की तिचं बोलणं संपणार, एवढं गणित त्याला फिजिक्स न शिकताही येत होतं. लेक दवाखान्यात नर्स होती. तिने दोनदा सांगून पाहिलं होतं, "बाबा, कॅसेटची एक कॉपी काढून घेऊ या." पण दुकानदार काहीतरी बिघडवून ठेवेल, अशी बाबांची खात्री होती.

तर त्या दिवशी चौथा धडा, विद्युतचुंबक.

"एक लोखंडी खिळा घ्या," बायको म्हणाली. "त्याभोवती तांब्याच्या तारेचे पन्नास वेढे घाला. टोकं टॉर्चच्या सेलला जोडा. टाचण्या उचलतो का बघा. मी थांबते."

वायरमनने टेप बंद केला. पन्नास वेढे आणि टाचण्या! तीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाने टाचण्या उचलायच्या? त्याने खिळ्याऐवजी वीतभर लांबीचा बोल्ट घेतला, पन्नासाऐवजी पाचशे वेढे घातले आणि सेलच्या जागी स्कूटरची बॅटरी आणली. आता उचलायचं काय? पक्कड टेपरेकॉर्डरच्या झाकणावरच पडली होती. त्याने बोल्ट तिच्यावर टेकवून प्रवाह सोडला. पक्कड खाडकन चिकटली. खूश होऊन त्याने ती चारपाच वेळा उचलली, चारपाच वेळा खाली टेकवली.

"बघितलंस?" असं म्हणत त्याने टेप सुरू केला.

बायको पाण्याखालून बोलल्यासारखं काहीतरी बोलली. मग नुसतं शूऽऽ. त्याने टेप मागे नेला. पहिल्या धड्यात ती होती, पण मध्येच गुडुप व्हायची.

पण घाबरून हातपाय गाळणारा तो गडी नव्हता. मोटर उलटी फिरायला लागली तर काय करतात? वायरींची अदलाबदल. प्रवाहाने नेलंय, तर उलटा प्रवाह आणून देईल. मनात अगदी सरळ हिशेब. त्याने बॅटरीच्या वायरी अदलून-बदलून जोडल्या, कॅसेट बाहेर काढली आणि काम कच्चं राहायला नको म्हणून दोन्ही बाजूंनी, घड्याळ लावून, पाच-पाच मिनिटं बोल्ट तिच्यावर इस्त्रीसारखा फिरवला.

मग कॅसेट आत घातली. पहिला धडा, शूऽऽ. सातवा धडा, शूऽऽ. जिथे जिथे ती होती, तिथे तिथे शूऽऽ.

संध्याकाळी लेक आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"बाबा, काय झालं?"

"तुझी आई गेली गं."

लेकीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बाबा, चार महिने झाले."

"नाही. आज दुपारी गेली. माझ्या हातून."

तिने टेप ऐकला, बोल्ट पाहिला, बॅटरी पाहिली. "टेपवर आवाज चुंबकानेच उमटवलेला असतो हो बाबा. आईने सांगितलं होतं की!"

"कधी? कुठे?"

"पाचव्या धड्यात. ती बोलत होती तेव्हा मी शेजारीच होते. म्हणाली, अहो, आता नीट ऐका, आपला तो चुंबक या कॅसेटजवळ चुकूनही नेऊ नका."

"मी पाचव्यावर गेलोच नव्हतो," वायरमन म्हणाला, आणि मग लहान मुलासारखा रडला. लेकीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तीही रडायलाच लागली.

त्यानंतर त्याने पुस्तकाला हात लावला नाही. परीक्षेलाही लेकीनेच हाताला धरून नेलं. लेखी पेपरात आठवेल तेवढं लिहिलं. शेवटी राहिली तोंडी परीक्षा. परीक्षक वयाने त्याच्याच बरोबरीचे, चष्मेवाले.

"चुंबकीय क्षेत्राचा तुम्ही स्वतः पाहिलेला एखादा परिणाम सांगा."

वायरमनने सांगितला. बोल्ट, पाचशे वेढे, बॅटरी, पक्कड, सगळं. आवाज कुणाचा होता तेही सांगितलं.

परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला. "आणि प्रवाहाची दिशा बदलली तर?"

"चुंबकाची टोकं बदलतात, सर. उत्तरेचं दक्षिण होतं. पण पुसलेलं परत येत नाही. राहिलेलं असतं तेही जातं."

"याहून बरोबर उत्तर मी आजवर ऐकलं नाही," परीक्षक म्हणाले आणि वीसपैकी वीस मांडले. "आता तर तुम्ही पास झालातच म्हणून समजा."

वायरमन उठला नाही. टेबलाची कड धरून बसून राहिला.

"सर, जमलं तर नापास करा ना."

"काय?"

"फॉर्म भरला तेव्हा ती म्हणाली होती, नापास झालात तर मी पुन्हा पहिल्यापासून शिकवीन."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकदा त्यांचा हात त्या विसाच्या आकड्याकडे गेलाही. मग त्यांनी त्याखाली सही केली.

"माफ करा," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला येतंय."