सासूबाईंची बरणी

"पस्तीस वर्षं मी कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासली. मला एक बरणी सांभाळता येणार नाही?" मोरिहिको हाताकेयामा छाती फुगवून म्हणाले.

बरणीत मीठ घालून आंबवलेला तांदळाचा कोंडा असायचा. आज काकडी पुरायची, उद्या उपसून भाताबरोबर खायची. त्यांच्या बायकोला, चिझुएला, तो तिच्या आईने लग्नात दिला होता, बेचाळीस वर्षांपूर्वी. आई गेली, पण चव राहिली होती.

"उन्हाळा आहे. दिवसातून दोनदा ढवळायचं. उघड्या हाताने, अहो!" लेकीच्या बाळंतपणासाठी नागोयाला निघताना चिझुएने तिसऱ्यांदा बजावलं.

निवृत्त झाल्यापासून मोरिहिको सोफ्याला चिकटले होते. तिथेच पडल्या पडल्या त्यांनी शास्त्रीय विचार केला. उघडा हात म्हणजे जंतू! रोज ढवळणं म्हणजे अंधश्रद्धा! त्यांनी घट्ट झाकण लावलं, वर चिकटपट्टी मारली आणि आठवड्याने तपासायचं ठरवलं. काम फत्ते!

आठव्या दिवशी चिकटपट्टी सोडवताच झाकण टाणकन उडालं. मग जो वास सुटला, त्याने मोरिहिकोंच्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्यांनी घाईघाईने सगळी दारं-खिडक्या उघडल्या. तिथेच चुकलं!

"गॅस गळतोय! शेगडी पेटवू नका!" शेजारच्या ओगिनोबाई नाक दाबून ओरडल्या. अख्खा चौथा मजला जिन्याने खाली पळाला. एका गृहस्थांची तर अर्धीच दाढी झाली होती! गॅस कंपनीचा माणूस यंत्र घेऊन धावत आला. यंत्र गप्प. शेवटी तो नाकाच्या मागे चालत थेट बरणीपाशी पोचला.

"काका, हा गॅस नाही. हवा मिळाली नाही, म्हणून कोंडा गुदमरलाय."

"मेला का हो?" मोरिहिकोंनी बरणीवर वाकून विचारलं. "बायकोच्या आईची आठवण आहे ती."

"वरचा थर काढा, मीठ घाला आणि हात घाला. हातमोजे नकोत! माझी आजीही तेच करायची."

दुसऱ्या दिवसापासून मोरिहिको पहाटे पाचला उठू लागले. दोनदाचं चारदा झालं. कोंडा पुन्हा बिघडू नये म्हणून त्यात घालायला ओगिनोबाईंनी आपल्या घरची मोहरीची पूड आणून दिली. "आज कसं वाटतंय?" असं मोरिहिको बरणीला विचारायचे, आणि तिसऱ्या आठवड्यात उत्तर मिळालं. काकडी आंबट, कुरकुरीत निघाली! ती त्यांनी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली आणि बाहीने डोळे पुसले.

चिझुए परतली, तेव्हा त्यांनी जमिनीला कपाळ टेकवून सगळं कबूल केलं. तिने शांतपणे एक फोड चावली.

"छान झालीय. पण ही आईची चव नाही."

मोरिहिकोंचं कपाळ आणखी खाली गेलं.

"अहो, उठा. ती कशी असेल?" चिझुएने बॅगेतून बाळाचे फोटो काढले आणि त्यांच्याखालून घट्ट बांधलेला एक डबा. "आईचा कोंडा माझ्याबरोबर आला होता. तो तुमच्या हाती ठेवीन होय? बरणीत दुकानातला भरला होता."

"मग दोनदा ढवळा, उघड्या हाताने ढवळा, हे कशासाठी?"

"मी नसताना तुम्ही सोफ्यावरून उठावं म्हणून." ती त्यांच्या कोंड्याने खरखरीत झालेल्या हाताकडे बघत म्हणाली. "मला तिकडे तुमचीच काळजी होती."

मोरिहिकोंना खरं तर चांगलंच रागवायचं होतं. पण संध्याकाळचे पाच वाजले होते. बाह्या सरसावून ते ढवळायला गेले.