उत्तरार्धात दम नाही

मतभेद हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे, असं विचारवंत सांगत आले आहेत. डॉक्टरांनाही ते तत्त्वतः मान्य होतं. फक्त गेल्या एकवीस वर्षांत त्यांच्याशी एकाही माणसाचा मतभेद झालेला नव्हता. ते दातांचे डॉक्टर होते आणि आपली मतं ते समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात घालून मांडत असत.

मतं सिनेमांबद्दलची असत. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की त्याच दुपारी डॉक्टर तो बघून येत. मग पुढच्या शुक्रवारपर्यंत खुर्चीत जो कोणी येईल, त्याला दाढेबरोबर सिनेमाचाही निकाल मिळे. पेशंट 'आ' करी. हा 'आ' डॉक्टरांना फार बोलका वाटे. आखूड 'आ' म्हणजे 'अगदी बरोबर', लांबलेला 'आ' म्हणजे 'हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं', आणि डोळ्यांत पाणी आलं तर पेशंटला सिनेमाची खरी जाण आहे.

बाहेरच्या टेबलावर डॉक्टरांच्या सौभाग्यवती बसत. नंबर देणं, कापूस देणं आणि रडणाऱ्या मुलांना दटावणं ही खाती त्यांच्याकडे होती. दारावरची पाटीही त्यांच्याच अक्षरात होती : 'सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. वेळ पाळावी.' ही शेवटची ओळ पेशंटसाठी होती तशीच डॉक्टरांसाठीही होती.

एका सकाळी खुर्चीत चित्रपट मंडळाचे अध्यक्ष येऊन बसले. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मंडळ काढलं होतं. महिन्यातून एकदा सभागृहात एखादा गाजलेला सिनेमा दाखवत. अध्यक्षांच्या खालच्या दाढेवर कॅप बसवायची होती. काम तासाभराचं होतं. डॉक्टर खुशीत आले.

"तो भुताचा बघितलात?" डॉक्टरांनी कोरणी चालू केली.

"आ."

"सुरुवातीला काय भीती घातलीय! दार वाजतं, दिवा जातो, मागं सावली. पण भूत दाखवलंच नाही हो. नुसती हूल. आणि तो युद्धाचा? खंदक खणतात, बंदुका पुसतात, आईला पत्रं लिहितात. युद्धाचा पत्ता नाही! मला विचाराल तर एकाही सिनेमाच्या उत्तरार्धात दम नाही. प्रेमकथेचंही तेच. भांडून दोघं दोन दिशांना गेले, आता पुढं काय बघायचं?"

"आँ... आ."

"अगदी बरोबर बोललात. जीभ बाजूला घ्या. मला सांगा, तुमच्या मंडळात सिनेमा सुरू व्हायच्या आधी कोणी चार शब्द बोलत नाही?"

"ऊंहू."

"नाही ना? वाटलंच मला. मग मी बोलू का?"

अध्यक्ष कोरणीच्या टोकाकडे बघत होते. ते टोक डॉक्टरांनी उत्तराची वाट बघत हवेत धरलं होतं आणि ते गरगर फिरत होतं.

"संकोच नको. नसेल जमत तर स्पष्ट नाही म्हणा."

"ऊं," अध्यक्ष म्हणाले.

"ठरलं तर!"

अध्यक्ष कापूस चावत निघून गेल्यावर डॉक्टरांनी ही बातमी बाहेर सांगितली.

"अहो, ते खरंच हो म्हणाले?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"दोनदा."

"तोंडात कापूस असताना?"

"कापूस असताना माणूस खोटं बोलत नाही. जमत नाही त्याला."

अध्यक्ष शब्दाला जागणारे होते, आपण तो कधी दिला हे आठवत नसलं तरी. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. येत्या शनिवारी रात्री नऊला रहस्यपट आहे, आधी डॉक्टरांनी पाच मिनिटं बोलावं. समितीला पसंत पडलं तर दर महिन्याला हे काम त्यांचंच. डॉक्टरांना रात्री झोप लागेना. एकवीस वर्षं ज्याने एका वेळी एकाच माणसाला ज्ञान दिलं, त्याला आता दोनशे एकदम मिळणार होते. शिवाय सिनेमा त्यांनी पूर्वी पाहिलेला होता. निकालही तयार होता.

आठवडाभर त्यांनी भाषण पेशंटांवर घोटलं. एक अक्कलदाढ, दोन कवळ्या आणि एका कॉलेजकन्येच्या तारा एवढ्या परीक्षांतून ते सहीसलामत पार पडलं. कोणी चकार शब्द काढला नाही.

"तिथं लोकांची तोंडं मिटलेली असतील," शनिवारी सदऱ्याला इस्त्री करताना सौभाग्यवती म्हणाल्या.

"मग बरंच. शांतपणे ऐकतील."

"मिटलेलंच तोंड बोलतं हो. उघडं नाही."

डॉक्टरांनी याकडे लक्ष दिलं नाही. बायकोच्या बोलण्यातही उत्तरार्धात दम नसतो, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी कधी कुणापुढे मांडलं नव्हतं एवढंच.

सभागृह भरलेलं होतं. डॉक्टरांनी व्यासपीठावरून नजर फिरवली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सगळी तोंडं ओळखीची होती. पहिल्या रांगेत नवी कॅप, तिसऱ्या रांगेत कवळी, त्यामागं तारा. नाव एकाचंही आठवत नव्हतं, पण कुणाच्या कोणत्या दाढेत काय भरलंय ते मुखोद्गत होतं.

भाषण झकास रंगलं. दिवाणखाना, प्रेत, खिडकीबाहेरचा माळी, संशयाची सुई कशी चौघांवर फिरते, हे त्यांनी असं सांगितलं की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पर्स छातीशी धरली. मग डॉक्टरांनी आवाज उतरवला.

"पण मित्रहो, खेदानं सांगावंसं वाटतं, उत्तरार्धात दम नाही."

"एक विचारू का?"

दुसऱ्या रांगेतून ग्रंथपालबाई उठल्या. वाचनालयात तीस वर्षं त्यांनी लोकांना गप्प बसवलं होतं, त्यामुळे बाहेर पडल्यावर बोलायचं भरपूर साठलेलं असे. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे तोंड त्यांनी आतून कधीच पाहिलं नव्हतं. बाईंचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते.

"उत्तरार्धात नेमकं काय फसलंय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... एकूणच."

"एकूणच म्हणजे? तो जुळा भाऊ येतो, तिथपासून का?"

डॉक्टरांना हायसं वाटलं. "तिथपासूनच! माझ्या तोंडचं बोललात. जुळा भाऊ म्हणजे लेखकाची निव्वळ पळवाट."

"मलाही तसंच वाटलं असतं," बाई म्हणाल्या, "पण या सिनेमात जुळा भाऊ नाहीच आहे. मी आपलं सहज विचारलं."

सभागृहात हसू फुटलं. ते तिसऱ्या रांगेतल्या कवळीपासून सुरू झालं, हेही डॉक्टरांनी टिपलं. "सांगा ना डॉक्टर!" मागून कोणीतरी ओरडलं. "खून कुणी केला ते तरी सांगा!" अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले. दर महिन्याची पाच मिनिटं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत निसटत चालली होती. एकवीस वर्षांत अंगवळणी पडलेली एकच गोष्ट त्यांना आठवली. उजवा हात आपोआप वर गेला, अंगठा आणि तर्जनी जुळली, आणि ते म्हणाले,

"जरा मोठा आ करा बघू."

सभागृहाने आ केला.

अध्यक्षांनी केला, आजींनी केला, तारावाल्या कन्येने नियमाप्रमाणे मान मागे टाकून केला. प्रोजेक्टरवाला मागच्या झरोक्यातून नुसतं बघायला डोकावला होता, त्यानेही केला. हे दृश्य पाहून ग्रंथपालबाईंनीही आ वासला. तो आश्चर्याचा होता, पण मोजणीत धरायला हरकत नव्हती. चिडीचूप शांतता पसरली. डॉक्टरांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

"असंच उघडं ठेवा. झालंच," ते प्रेमळपणे म्हणाले. "तर उत्तरार्धाबद्दल मी अधिक बोलत नाही. रहस्य फोडणं आमच्या तत्त्वात बसत नाही. प्रत्येकानं आपापल्या मनाशी ठरवावं. शाबास. मिटा आता."

तोंडं मिटली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काही जण चूळ भरायला पेला शोधत होते.

दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. प्रेत पडलं, माळी खिडकीबाहेर उभा राहिला, सुई चौघांवर फिरली. मध्यंतराचे दिवे लागले तसे डॉक्टर उठले आणि त्यांनी बॅग उचलली.

"अहो, कुठं? अजून अर्धा आहे," सौभाग्यवती म्हणाल्या.

"आँ? हां." डॉक्टर क्षणभर उभेच राहिले. मग पायांनी घेतलेला निर्णय डोक्याने मान्य केला. "तो मला पुन्हा सोसवणार नाही. तू बघ." आणि ते गेले. दुसऱ्या रांगेतून ग्रंथपालबाईंनी त्यांना जाताना पाहिलं, आणि मग हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला ग्रंथपालबाई दवाखान्यात हजर झाल्या.

"दुखतंय काही?" डॉक्टरांना आनंद लपवता येईना.

"छे. सहज एकदा तपासून घ्यावं म्हटलं."

डॉक्टरांनी हात धुतले, मास्क चढवला आणि अख्ख्या गावात उरलेलं ते एकमेव तोंड उघडलं. आरसा आत गेला, पाठोपाठ दोन बोटं गेली.

"परवा तुम्ही उत्तरार्धाचं विचारत होतात," ते म्हणाले आणि वीस मिनिटं बोलले. पकड सुटते, गती मंदावते, एकूणच लेखक थकल्यासारखा वाटतो. "पटतंय ना?"

"आ," बाई म्हणाल्या.

एकवीस वर्षांचं कार्य सिद्धीस गेलं. डॉक्टर हात पुसत होते तोच फोन वाजला. अध्यक्ष होते. समितीने एकमताने ठरवलं होतं, दर महिन्याची पाच मिनिटं डॉक्टरांचीच. "आमचे सभासद इतके शांत बसलेले मी कधी पाहिले नव्हते," ते म्हणाले. "बाकी, शनिवारी आ केल्यापासून कॅप जरा हलतेय. कधी येऊ?"

ग्रंथपालबाई बाहेर टेबलापाशी थांबल्या होत्या.

"काय निघालं हो?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"काही नाही. दात ठणठणीत आहेत. मला तुम्हालाच एक विचारायचं होतं. शुक्रवारी डॉक्टर सिनेमाला जातात, त्या दिवशी दवाखाना उशिरा उघडता का?"

"उशिरा?" सौभाग्यवतींना ते लागलं. "एकवीस वर्षांत एक मिनिट नाही! पाच म्हणजे पाच. सिनेमा असो, पाहुणे असोत. पाटीवर लिहिलंय ते बघा."

"बघितलं. आणि जातात कोणत्या खेळाला?"

"दुपारच्या. तीनच्या."

"अस्सं," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

दुपारचा खेळ सहाला सुटतो.