श्री नावाचं गाव

"कंप्यूटर कधी चुकत नाही!" रामनाथ सावे हे वाक्य इतक्या ठामपणे म्हणायचा, की तितक्या ठामपणे माणसं स्वतःचं वयही सांगत नाहीत.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात रामनाथ स्टोअर सांभाळायचा. कंपनीने नवे कंप्यूटर घेतले आणि जुने बाकीच्या जुन्या सामानासोबत लिलावात काढले. बाकीच्यांनी खुर्च्या घेतल्या, पत्र्याची कपाटं घेतली. रामनाथने कंप्यूटर घेतला! रिक्षातून सालवडच्या घरी आणताना तो त्याने तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरला होता. त्याची बायको आनंदी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. "अहो, कुठे ठेवणार हे धूड?" म्हणत तिने तुकडा ओवाळून टाकला.

पालघरला रामनाथचा शाळासोबती होता, दादू. कंप्यूटर दुरुस्त करायचा आणि पत्रिका काढायचा प्रोग्रामही विकायचा. तो प्रोग्राम रामनाथच्या मशीनमध्ये बसला आणि दारावर पाटी लागली : 'सावे संगणक ज्योतिष. येथे अचुक पत्रिका निघते.' रंगाऱ्याने नेमका 'अचूक'मधलाच ऊकार चुकवला होता. पण पाटी काही कंप्यूटरने लिहिली नव्हती, त्यामुळे रामनाथने मनावर घेतलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच निघालं. त्याची धाकटी बहीण जमुना!

वडील गेल्यावर रामनाथनेच तिला वाढवली, शिकवली. ती एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती आणि शेजारच्याच कंपनीत पुंडलिक फिटर होता. पोरगा पाम गावचा, वाडीतला, नाकासमोर चालणारा. दोघांचं जमलं होतं हे अख्ख्या बोईसरला ठाऊक होतं, म्हणजे घरच्यांना सगळ्यात शेवटी कळलं. रामनाथची ना नव्हती. अडलं होतं पुंडलिकच्या आईपाशी.

तिला सगळे माई म्हणत. माई वाईट नव्हती हो! पण तिची थोरली लेक चांगले भरघोस गुण जुळवून दिली होती आणि ती वर्षाच्या आत पेटी घेऊन माहेरी परत आली होती. तेव्हापासून माईची झोप उडाली होती. आता पुंडलिक-जमुनाच्या पत्रिका एका गुरुजींना दाखवल्या, ते म्हणाले उत्तम. दुसऱ्यांना दाखवल्या, ते म्हणाले नावही काढू नका. माईने दोघांनाही हात जोडले.

"माणसाचा भरवसा नाय," ती म्हणाली. "रामनाथाकडं ती मशीन हाय ना? तिला ना कोणी सगा ना सोयरा. ती बोलंल ते मला कबूल."

"माई, तुमी निश्चिंत या," रामनाथने छातीवर हात ठेवला. "कंप्यूटर कधी चुकत नाही!"

रविवारी सकाळी माई आणि पुंडलिक आले. पुंडलिकने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तोंड परीक्षेला बसल्यासारखं केलं होतं. जमुनाने चहा आणला. माईने एक घोट घेतला आणि कप खाली धरला.

"बिनसाखरेचा हाय."

"हो."

"मला साखर वर्ज हाय, तुला कोण बोललं गो?"

जमुनाने खाली बघितलं. पुंडलिकने वर बघितलं. माईने दोघांकडे बघितलं आणि चहा संपवला.

इकडे रामनाथने कंप्यूटरला हार घातला, उदबत्ती लावली आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. रामनाथने प्रोग्राम सुरू केला. मशीनने 'टूं' केलं आणि एक ओळ फेकली : कॉन्फिगरेशन फाईल नॉट लोडेड.

"काय म्हनतो?" माईने विचारलं.

"तो... जरा तयारी करतोय."

पुन्हा सुरू केला. पुन्हा 'टूं'! तीच ओळ. बंद केला, चालू केला. 'टूं'! मागच्या वायरी दाबून पाहिल्या. 'टूं'!

"मुहूर्त बघत असंल," माई समजुतीने म्हणाली. "ज्योतिषी हाय ना तो."

रामनाथच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात शेजारचे शांताराम तात्या डोकावले. पालघरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. रिटायर व्हायला आलेले, मिशा झुबकेदार, आणि दुसऱ्याच्या अडचणीचा वास त्यांना सुक्या बोंबलासारखा लांबून यायचा.

"काय झालं रे?"

"फाईल मिळत नाय त्याला."

"एवढंच? आमच्याकडं पण पहिल्या फेरीला कोणाला फाईल मिळत नाय! उद्या या म्हणायचं."

'फाईल' ऐकताच आनंदी उठली. तिने गादीखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं आणि धुळीने माखलेली एक निळी फाईल आणून रामनाथच्या मांडीवर टाकली. "ही घ्या! लाईटबिलांची आहे, पण चालत असेल तर बघा."

शेवटी दादूला फोन करायचं ठरलं. पण फोन गल्लीच्या टोकाला, एसटीडी बूथमध्ये. आणि कंप्यूटर घरात. रामनाथ फोनवर गेला तर मशीनपाशी कोण? मग साखळी केली. पुंडलिक बूथमध्ये, शांताराम तात्या गल्लीच्या मध्यावर, जमुना दारात आणि रामनाथ मशीनपुढे. माई ओट्यावर बसून मजा बघू लागली.

दादू पालघरहून म्हणाला, "त्या फाईलमधली पहिली ओळ काय आहे ते वाच म्हणावं."

पुंडलिक ओरडला, "पहिली ओळ वाचा!" तात्या ओरडले, "पहिली ओळ!" जमुना आत वळून म्हणाली, "दादा, पहिली ओळ वाच."

रामनाथने मशीनमधली ती फाईल उघडली. "पहिल्या ओळीत श्री! मग बोईसर!"

"श्री, मग बोईसर!" जमुनाने जसंच्या तसं पुढे दिलं.

पण तात्या पडले कारकून. आयुष्यभर कागदाच्या डोक्यावर श्री बघत आलेला माणूस! श्री काय, सगळीकडेच असतो, तो काय सांगायचा? त्यांनी ओळ आटोपशीर केली आणि बूथच्या दिशेने ओरडले, "बोईसर!"

"बोईसर आहे," पुंडलिकने फोनवर सांगितलं.

दादू बुचकळ्यात पडला. "मग तर बरोबर आहे. फाईल डिलीट करू नको म्हणावं, मी येतो."

पुंडलिक ओरडला, "फाईल डिलीट करू नको!" नेमका त्याच क्षणी कंपनीचा माल भरलेला टेम्पो गल्लीत शिरला आणि ड्रायव्हरने जो हॉर्न दाबला, त्यात 'करू नको' पार विरघळून गेलं. तात्यांच्या कानात उरलं ते 'फाईल डिलीट'.

"फाईल डिलीट कर!" तात्या गरजले.

"दादा, फाईल डिलीट कर," जमुनाने सांगितलं.

आता दादू सांगतोय म्हटल्यावर रामनाथ कशाला विचार करतो? केली डिलीट! मग प्रोग्राम सुरू केला, तर मशीनने नवीनच प्रश्न विचारला : फाईल नाही, नमुना घेऊ का? हो की नाही?

"हो!" रामनाथ मोठ्याने म्हणाला आणि तसं बटणही दाबलं.

आणि काय सांगू! प्रोग्राम उघडला! रामनाथ खुर्चीतून उडालाच. "लोड झाला! बोललो होतो ना?" साखळीतली माणसं धावत घरात आली. जमुनाचं नाव, जन्मवेळ टाकली. प्रिंटर करवतीसारखा करकरला आणि कागद बाहेर आला.

रामनाथने खणखणीत आवाजात वाचलं, "स्वभाव लाजाळू. गृहकृत्यदक्ष. पतीच्या घरी भरभराट करील. दोन बाळंतपणे सुखरूप होतील."

माईचा चेहरा उजळला. "अगो बाय! चांगली हाय की!" जमुना आत पळाली. पुंडलिकने पहिल्यांदाच खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"आता पुंडलिकची!"

करकर, करकर. कागद आला. रामनाथ त्याच तारेत वाचू लागला, "स्वभाव लाजाळू. गृहकृत्यदक्ष. पतीच्या घरी..." त्याचा आवाज हळूहळू खाली गेला.

"थांबलास का? वाच की," माई म्हणाली.

"दोन बाळंतपणे... सुखरूप होतील."

माईने कागदाकडे मान पुढे काढली.

"कोनाची?" माईने विचारलं.

"पुंडलिकची."

"असं कसं होईल?" तात्या पुढे सरसावले. "माझी काढून बघ." त्यांचीही काढली. झुबकेदार मिशीचे, रिटायर व्हायला आलेले तात्या लाजाळू निघाले, गृहकृत्यदक्ष निघाले, आणि या वयात त्यांचीही दोन बाळंतपणं सुखरूप होणार होती!

"आमच्या हिला सांगू नका," तात्या पुटपुटले.

आनंदीला हसू आवरेना. तिने तोंडात पदर कोंबला. पण माई हसली नाही. ती उठली.

"चल पुंडलिका. थोरलीच्या वक्ताला माणसांनी फसवलं, आता मशीनीनं. माज्या नशिबात खरं बोलनारा कोनी नाय."

ती हे चिडून बोलली असती तर रामनाथने ऐकून घेतलं असतं. पण ती थकून बोलली. पुंडलिक जागचा हलेना. आतल्या दाराशी जमुना उभी होती, तिचे डोळे भरले होते. रामनाथला वाटलं, त्या मशीनला उचलावं आणि खाडीत नेऊन टाकावं.

तेवढ्यात दाराशी एम-एटी गाडी फटफटली. दादू! डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शर्टाच्या खिशात फ्लॉपी.

"फाईल ठेवलीस ना?"

"तूच डिलीट करायला सांगितलीस."

"मी?" दादूने कपाळावर हात मारला. "बरं, आधी सांग, तिच्यात काय हात घातला होतास?"

"मी कशाला हात घालू? पाटी लावली त्या दिवशी फक्त वरती श्री लिहिला."

"वरती म्हणजे?"

"फाईलच्या डोक्यावर. नवीन काम, श्रीशिवाय कसं सुरू करायचं?"

दादू मटकन खाली बसला. "अरे बाबा! त्या फाईलची पहिली ओळ म्हणजे गावाचं नाव. दुसऱ्या ओळीत त्या गावाचे आकडे. तू वर श्री लिहिलास, सगळं एक ओळ खाली सरकलं! ते बिचारं मशीन श्री नावाचं गाव शोधत बसलं!"

"मग ह्या पत्रिका कोनाच्या?" माईने दारातूनच विचारलं.

"त्या? फाईल नसली की प्रोग्राम नमुना दाखवतो. नमुन्याला मी माझ्या बायकोची पत्रिका घातली होती."

"तिची बाळंतपणं?" आनंदीने विचारलं.

"दोन. सुखरूप."

"बघा!" रामनाथ एकदम म्हणाला. "म्हणजे चुकला नव्हता!"

आणि मग माई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती ओट्याच्या कडेला बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "श्री लिवला... म्हनून अडला!" तिला बोलता येईना. जमुनाने पाणी आणून दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. पुंडलिक सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. आई अशी हसलेली त्याने थोरली परत आल्यापासून पाहिली नव्हती.

दादूने फ्लॉपी घातली, नवी फाईल उतरवली. प्रोग्राम सुरू झाला. ना 'टूं', ना तक्रार. पडद्यावर बोईसर आलं. दादूने दोघांची नावं, तारखा, वेळा टाकल्या, दोनदा तपासल्या आणि रामनाथला खुर्ची दिली.

"आता खरीखुरी येईल. दाब एन्टर."

सगळे मागे गोळा झाले. हसणं थांबलं. रामनाथने बोट उचललं आणि ते तिथेच राहिलं. इतके दिवस ज्याच्या त्याच्याजवळ सांगितलेलं ते वाक्य पहिल्यांदाच त्याला उलट्या बाजूने दिसलं. हा खरंच चुकत नसेल तर? आणि नाही म्हणाला तर?

त्याने जमुनाकडे पाहिलं नाही. बोट खाली येऊ लागलं.

खट्!

पडदा काळा झाला. मशीन एक सुस्कारा टाकून गप्प बसलं. भिंतीपाशी जमुना उभी होती. तिच्या हातात प्लग होता आणि त्याच्याखाली वायर लोंबत होती.

"लाईट गेली," जमुना म्हणाली.

माईने जमुनाच्या हाताकडे पाहिलं. मग तिने मान वर केली. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. माईने त्या फिरणाऱ्या पंख्याकडे बराच वेळ बघितलं, नीट, शांतपणे, आणि मग पदर सावरला.

"हां," ती म्हणाली. "लाईट गेली."

"आता दिवसभर काय यायची नाय," तात्यांनी सरकारी शिक्का मारला आणि जमुनाने प्लग हळूच पाठीमागे घेतला.

"मग कवर बसायचं वाट बघत?" माई म्हणाली. "आनंदी, घरात कुंकू हाय ना? आन. पोरीला लावते."

"अहो पण माई, लाईट कुठे गेलीय?" रामनाथ खुर्चीतून वळला. "पंखा चालू आहे की—"

आनंदीने त्याच्या पायावर आपला पाय असा दिला, की त्याचं वाक्य घशातच लोड व्हायचं थांबलं!

तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, बरं का! कंप्यूटर बंद आणि पंखा चालू, म्हणजे नक्की एकच फ्यूज उडालेला, असा त्याने हिशोब मांडला. टेस्टर घेतला, स्टूल घेतलं आणि तो बाहेरच्या बोर्डापाशी चढला. एक एक फ्यूज काढून, पुसून, परत बसवून, घामाघूम होऊन तो आत आला, तेव्हा जमुनाच्या कपाळावर कुंकू होतं, माई आणि आनंदी मांडव कुठे घालायचा यावर वाद घालत होत्या आणि दादू बूथवरून बायकोला जेवायला यायला उशीर होईल असं कळवायला निघाला होता.

"फ्यूज सगळे बरे आहेत!" रामनाथने दारातून जाहीर केलं.

कोणी वळूनही पाहिलं नाही.