सी विंगचा पंधरावा मजला

ईश्वरीने लिहिलेलं गोष्टीचं प्रकरण दिनानाथने दोनदा वाचलं आणि वैजयंतीला पाठवून दिलं. मुलीचं काही आलं की लगेच बायकोला पाठवायचं, ही त्याची जुनी सवय. वैजयंतीचं नाव मोबाइलमध्ये सगळ्यात वर असायचं, म्हणून बोट आपोआप तिथे जायचं. ती वारल्यापासून ते नाव खाली खाली सरकत गेलं होतं. त्या जागी आता सोसायटीचा ग्रुप होता. प्रकरण तिथे गेलं.

प्रकरणात घणसोलीतली एक मुलगी होती. तिच्या तळहातावर चमकणारी खूण होती आणि तिला आई नव्हती. तिने हात टेकला की सी विंगची लिफ्ट चौदाव्या मजल्याच्याही वर जायची. पंधराव्या मजल्यावर वारलेली माणसं राहत होती.

ग्रुपवर कोणी पूर्ण वाचलं नाही. सेक्रेटरी सुभाष धापा टाकत आला.

"काका, पंधरावा मजला कोणी चढवला? आपल्याला परवानगी चौदाची आहे. तोडायला आले म्हणजे?"

"अरे, गोष्ट आहे ती. ईश्वरीने लिहिलेली."

"गोष्ट काय काका! वर माणसं राहतात असं सरळ लिवलंय. भाडोत्री घुसवलेत कोणीतरी!"

त्याने लिफ्ट बंद केली आणि गच्चीला कुलूप ठोकलं. त्या घाईत गच्चीवर गहू वाळवत बसलेली वेणूबाई वरच राहिली. ती दार बडवू लागली. चौदाव्या मजल्यावरून ग्रुपवर मेसेज आला, "वरून खरंच आवाज येतायत."

वेणूबाई सुटेपर्यंत ईश्वरी क्लासवरून आली, जिना चढून.

"पप्पा, मी फक्त तुम्हाला वाचायला दिलं होतं."

एवढं बोलून ती खोलीकडे वळली. आई गेल्यापासून तिने बापाला दाखवलेली ही पहिलीच गोष्ट. आता ती पुन्हा काही दाखवायची नाही, हे दिनानाथला कळलं. सॉरी म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोच बेल वाजली.

दारात अकराव्या मजल्यावरच्या मालतीबाई होत्या, मूळच्या गावठाणातल्या. दुखरे गुडघे धरून जिना उतरून आल्या होत्या.

"पोरी, सुनेनं मना वाचून दाखवलं. त्या मजल्यावर माजा पोरगा देवजी असंल का गो?"

ईश्वरी गडबडली. "आजी, तिथली माणसं बोलत नाहीत. आणि शेवटी हिरोईनला त्या मजल्याचं दार बंद करावंच लागतं. नाहीतर सगळं शहर खाडीत बुडतं. अशा गोष्टींचा रूलच असतो."

"बुडू दे! खाडी बुजवूनच बांधलंय ह्ये. परत भरनी टाकतीन."

ईश्वरी खळखळून हसली. हसता हसता रडायला लागली. मालतीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कठडा धरून वर निघाल्या.

दिनानाथने पाणी आणून दिलं. ईश्वरी घोटभर प्यायली आणि तिथेच बसली.

"शेवट लिहिताच येत नाहीये, पप्पा. दार बंद केलं की आई आत राहते."

"आणि मी कुठे आहे?"

"अशा गोष्टींत बाप नसतो. असला तर पोरीला एकटीला जाऊ देईल का?"

"मग मला घाल ना. नुसता दाराशी उभा कर. आत नाही येत."

ईश्वरीने मोबाइल काढला. "उभे केले. पण आई बोलणार नाही, हां. रूल आहे."

दिनानाथने अंगातल्या शर्टाकडे पाहिलं.

"मला बिनइस्त्रीचा शर्ट घाल," तो म्हणाला. "बघू कशी बोलत नाही."