गुळगुळीत अस्वलाची सोयरीक

एका जंगलात, जिथे पावसापाण्यापेक्षा दुसऱ्याच्या लग्नाची चौकशी जास्त होत असे, झिपरू नावाचं एक तरुण अस्वल राहत होतं.

मुलांनो, हसू नका. तुम्हीही एक दिवस तरुण होणार आहात.

झिपरू नदीपलीकडच्या गुहेत एकटा राहायचा. म्हणजे काटेकर नावाच्या साळिंदराबरोबर राहायचा. बिनलग्नाचे दोघे एकत्र राहतात आणि दोघेही घरी कळवतात की मी एकटा राहतो. गुहेत बसायला एकच सपाट दगड होता आणि त्यावर कायम काहीतरी वाळत घातलेलं असायचं. कोपऱ्यात आंब्याच्या कोयींचा ढीग होता. तो कुणी टाकायचा यावर दोघांची गेल्या उन्हाळ्यापासून चर्चा चालू होती.

तरी झिपरूला आळशी म्हणू नका. त्याला झाडलोट यायची, तो करायचा नाही एवढंच. वारुळाची चटणी तर अशी करायचा की काटेकर दुसरीकडे राहायला जायचा विचार दर महिन्याला करून दर महिन्याला सोडून द्यायचा.

झिपरूच्या अंगावर हे एवढे केस होते. काळे, लांब, अस्ताव्यस्त. त्यांत वाळकी पानं असायची, करवंदीच्या काटक्या असायच्या, कधी वाट चुकलेला मुंगळाही असायचा. त्याच्या बापाचे केस असेच होते. मधमाश्या चावायला आल्या की त्या केसांत गुरफटायच्या आणि वैतागून परत जायच्या. अस्वलांना मध मिळतो तो यामुळे. ही गोष्ट अस्वलाच्या पोराला दूध पिताना कळते. विसरायला मात्र वयात यावं लागतं.

झिपरू वयात आला तो एका जांभळाच्या झाडाखाली. तिथे त्याला जांभळी भेटली. ती पलीकडच्या टेकडीवरच्या करडेबुवांची मुलगी. झिपरूचं तोंड जांभळांनी माखलेलं होतं. तिने त्याच्या कानामागून एक पान काढलं आणि विचारलं, "हे मुद्दाम ठेवलंयस की राहिलंय?"

उत्तराची वाट न बघता ती हसली आणि गेली. त्या दिवसापासून झिपरूचं अन्नावरचं लक्ष उडालं. खायचा तेवढंच, पण काय खातोय ते त्याला सांगता यायचं नाही. त्याला जांभळी हवी होती. दुसरं काही नको होतं.

आता अस्वलांतली रीत ऐका. त्यांच्यात पत्रिका नाही, मानपान नाही. मुलगा मुलीच्या घरी जातो. अंगणातल्या झाडावर मोहोळ असतं. ते सगळ्यांसमोर उतरवायचं. मोहोळ उतरवेल तो नवरा, दुसरी नवरी. इतकी सोपी रीत आहे म्हणून तर तिच्यात आजवर कुणी डोकं घातलं नव्हतं.

एके दिवशी कावळा निरोप घेऊन आला. "करडेबुवांनी पौर्णिमेला सकाळी बोलावलंय."

पौर्णिमेला चार दिवस होते. झिपरूने डोहात वाकून पाहिलं. आजवर तो डोहात पाणी प्यायला वाकत असे. आज पहिल्यांदाच स्वतःला बघायला वाकला. तिथेच घोटाळा झाला.

निवडुंगामागे रंगा सरड्याचं दुकान होतं. जंगलातली सगळी तरुण मंडळी तिथे जायची. त्या दिवशी एक कोल्हा शेपूट फुलवून घ्यायला बसला होता. एक तरस स्वतःचं हसणं जरा सौम्य करून घ्यायला आला होता. रंगा गिऱ्हाइकासारखा रंग घ्यायचा. झिपरूपुढे तो काळा झाला. झिपरूला वाटलं, हा आपल्यातलाच आहे.

"कशासाठी आलात?" रंगाने विचारलं.

"मुलगी बघायला जायचंय."

"असे?"

या एका शब्दाने झिपरूला आयुष्यात पहिल्यांदा केसांची लाज वाटली. त्याने ते लपवायचा प्रयत्न केला. पण ज्याच्या अंगावर केसांशिवाय काहीच नाही त्याने ते कशाने लपवायचे?

"हल्ली केस ठेवतं कोण?" रंगा म्हणाला. "माझ्याकडे बघा. एक तरी दिसतो का?"

"पण तुम्हाला ते कधी नव्हतेच ना?"

"म्हणूनच मला केसांविषयी निःपक्षपातीपणे बोलता येतं."

हे झिपरूला पटलं. मुलांनो, आरशासमोरून उठून आलेल्या प्राण्याला काहीही पटतं.

आधी चिखलाचा लेप झाला. म्हशी हा लेप रोज घेतात, पण त्याला लेप म्हणायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मग अंगभर डिंक लावला. डिंक वाळला. मग रंगाच्या हाताखालच्या चार माकडांनी चारी बाजूंनी ओढला. ती आरोळी नदीपलीकडे काटेकरने ऐकली आणि वाघाने कुणाला तरी धरलं असं समजून तो गुहेत खोल शिरला.

शेवटी रंगाने झिपरूच्या गुलाबी-करड्या अंगावर मोहाच्या फुलांचं तेल चोळलं. "आता या वासाने अख्खा डोंगर मागे येईल," तो म्हणाला. बिचारा खोटं बोलला नव्हता.

झिपरू गुहेत आला तेव्हा काटेकरने दारातच अडवलं. "कोण पाहिजे?"

"अरे, मी झिपरू."

काटेकर त्याच्याभोवती दोनदा फिरला. मग खाली बसला. "चांगला दिसतोयस," तो म्हणाला. मित्र होता म्हणून म्हणाला. "पण मोहोळाचं काय करणार?"

झिपरूला तेव्हा ते आठवलं. खरंच सांगतो, तेव्हा. पण तो म्हणाला, "रंगा म्हणतो, आत्मविश्वास हवा."

"मधमाश्यांना सांगितलंय का त्याने?"

तीन दिवसांत केस येतात का, हे झिपरू रोज सकाळी पोटाकडे बघून तपासत राहिला. आले नाहीत.

पौर्णिमेला वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून काटेकर बरोबर गेला. करडेबुवांच्या अंगणात मंडळी जमली होती. करडेबुवा मधोमध बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची बहीण गेंदाआत्या. घरात करडेबुवा बोलायचे आणि गेंदाआत्या ठरवायची.

"या, या," करडेबुवा काटेकरला म्हणाले. "मुलगा मागून येतोय वाटतं? आणि हे डुक्कर कशाला आणलंत?"

"हाच मुलगा," काटेकर म्हणाला.

"अगं बाई," गेंदाआत्या म्हणाली, "आजारी होता का?"

"नाही. ही हल्लीची पद्धत आहे."

जांभळी दारात उभी होती. तिने झिपरूकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग काळजी दिसली. पाणी द्यायच्या निमित्ताने ती जवळ आली. "वर जाऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "पाय मुरगळलाय म्हण. मी बाबांकडून पुढची तारीख घेते."

मुलांनो, त्या क्षणी झिपरूने फक्त 'बरं' म्हटलं असतं तरी ही गोष्ट इथेच संपली असती. त्याला भीती वाटत होती. पोटऱ्या थरथरत होत्या. आणि केस नसल्यामुळे त्या थरथरताना सगळ्यांना दिसत होत्या. पण चार दिवस नटून आलेल्याला 'मला जमणार नाही' म्हणता येत नाही. "काळजी करू नकोस," तो म्हणाला आणि झाडाकडे निघाला.

मोहोळ आग्या होतं. झिपरू निम्म्यापर्यंत पोहोचला तोच मधमाश्यांना मोहाच्या फुलांचा वास आला. त्या आनंदाने खाली आल्या. जवळ येऊन बघतात तर फूल नाही. मग त्या चिडल्या. आणि आज अडकायला केसही नव्हते.

पुढचं वर्णन मी करत नाही. झिपरू झाडावरून पडला तो चढला होता त्याच्यापेक्षा दीडपट मोठा होऊन पडला. ओठ सुजले होते. डोळे मिटले होते. मंडळी घरात पळाली. माश्या त्याच्याभोवती घोंगावतच होत्या.

जांभळी मात्र पळाली नाही. ती सरळ झाडावर चढली. माश्या तिच्यावर तुटून पडल्या आणि तिच्या दाट केसांत शिरून गोंधळल्या. तिने मोहोळ काढलं, खाली आणलं, अंगणात ठेवलं. मग झिपरूला ओढत पडवीत आणलं आणि त्याच्या नाकावर ओली माती थापली. "सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. झिपरूलाही रडू येत होतं, पण डोळ्यांतून पाणी यायला वाट नव्हती.

मंडळी पुन्हा जमली. "उठा," करडेबुवा म्हणाले. "मोडलं हे स्थळ. मोहोळ उतरवेल तो नवरा, ही रीत आहे."

"उतरलंय की मोहोळ," काटेकर म्हणाला.

"ते जांभळीने उतरवलं!"

"मग जांभळी नवरा," काटेकर म्हणाला. तो नुसता वाद घालत होता. कोयींच्या ढिगावर वर्षभर वाद घालून त्याला ती सवय लागली होती.

करडेबुवांना हसायचं होतं. पण गेंदाआत्या हसली नाही. ती रीतीची पक्की होती. तिने डोळे बारीक करून झिपरूकडे पाहिलं. "म्हणजे हा नवरी," ती म्हणाली. "असं असेल तर मग नीट बघायला हवं. बसवा त्याला पाटावर."

झिपरूला पाटावर बसवलं.

"नाव काय तुझं?"

झिपरूचे ओठ सुजलेले. "म्म्," तो म्हणाला.

"मितभाषी आहे," गेंदाआत्या म्हणाली. "वर बघ जरा."

डोळे उघडेनात. मान खालीच राहिली.

"नजर वर करत नाही. वळण चांगलं आहे." तिने त्याचा दंड चाचपला. "अंगाने भरलेला आहे. कातडी कशी नितळ आहे! आणि वासही छान येतोय. जांभळे, तुझ्यापेक्षा हा नीटनेटका आहे हो. स्वयंपाक येतो का?"

"वारुळाची चटणी अप्रतिम करतो," काटेकर म्हणाला. "चार वर्षं मीच खातोय." आणि इतकं बोलल्यावर, ही चटणी आता आपल्याला मिळणार नाही हे ध्यानात येऊन त्याला हुंदका फुटला. मंडळींना वाटलं, पाठवणीच्या विचाराने माहेरच्या माणसाचा कंठ दाटून आला. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले.

"मुलाची पसंती विचारा," गेंदाआत्या म्हणाली आणि जांभळीकडे वळली.

जांभळीने पाटावरच्या त्या सुजलेल्या गोळ्याकडे पाहिलं. तिला जांभळाच्या झाडाखालचा, कानामागे पान अडकलेला झिपरू आवडला होता. तो याच्या आतच कुठेतरी असणार, असं तिला वाटलं. "पसंत आहे," ती म्हणाली. "पण त्याने केस पुन्हा वाढवायचे."

"वाढवेल हो," गेंदाआत्या म्हणाली.

लग्न झालं. झिपरू टेकडीवर नांदायला आला. त्याला हवी होती ती जांभळी मिळाली, आणि पहिले पंधरा दिवस त्याच्यासारखं सुखी अस्वल जंगलात नव्हतं. सूज उतरली. पाठीवर बारीक काळी लव दिसू लागली. त्याच दिवशी गेंदाआत्याने रंगा सरड्याला घरी बोलावलं.

"आत्या, हे कशाला?" झिपरू म्हणाला. "मला वाढवायचेत."

"असं कसं, बाळा? आम्ही तुला पाहिलं ते गुळगुळीत. चार लोकांत सांगितलंय मी, आमच्याकडचा किती नितळ आहे म्हणून. आता केस वाढवलेस तर लोक म्हणतील, लग्नापुरता नटला होता."

माकडांनी डिंक आणलाच होता.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी टेकडीवरून आरोळी ऐकू येते. जांभळी सकाळी उठते, अंगाला नुसतं झटकते आणि मोहोळं उतरवायला जाते. झिपरू चटणी वाटतो, अंगण झाडतो आणि माशी दिसली की दार लावून घेतो. मध्यंतरी तो म्हणाला होता की मलाही येऊ दे बरोबर, तर सगळे हसले. अशा नाजूक कातडीचा जाऊन करणार काय?

एका संध्याकाळी जांभळी दमून घरी आली. केसांत पानं, काटक्या, दोन मुंगळे. झिपरूने तिच्यापुढे चटणी ठेवली आणि तिच्या कानामागचं पान काढलं.

"जांभळे," तो म्हणाला, "आत्याला सांगशील का? निदान पाठीवरचे तरी राहू देत म्हणावं. तूच अट घातली होतीस."

जांभळीने चटणी चाटली. "सांगते ना," ती म्हणाली. "सांगणारच आहे. पण परवा पाहुणे यायचेत. तेवढं होऊ दे."

तात्पर्य: वरवरच्या रूपाला भुलू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू देत. खरं असं की रूपाला सगळे भुलतात आणि त्यामुळे चांगली स्थळंही मिळतात. फक्त ज्या रूपावर पसंत झालात ते पुढे जन्मभर सांभाळावं लागतं, आणि ओढताना दुखतं. हे मुलींना फार पूर्वीपासून माहीत होतं. एका अस्वलाला दुखेपर्यंत त्यावर गोष्ट लिहावी असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.