नववी 'ब'चं बीपी

"स्वतःचं डोकं महिनाभर दुखतंय आणि चालली पोरांना आरोग्य शिकवायला," नवरा बुटाची नाडी बांधता बांधता पुटपुटला. पुटपुटणंही असं बेताचं, की स्वयंपाकघरातल्या बायकोला नेमकं ऐकू जावं.

"काय म्हणालात?"

"मी कुठे काय म्हणालो?"

बाईंनी डोकेदुखीची गोळी चहाबरोबर गिळली, डबा ओट्यावरच विसरला आणि शाळा गाठली. त्या हायस्कुलात आरोग्य शिकवत. त्यांच्या तासाचा पहिला नियम नववी 'ब'च्या फळ्यावर कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असे आणि तो पुसायला सगळ्यांनाच बंदी होती: 'लक्षण लपवायचं नाही.' आजचा धडा रक्तदाबाचा होता. शाळेनं त्यासाठी नवं कोरं यंत्र आणलं होतं.

"घाबरायचं काही नाही. आधी मी माझा मोजून दाखवते," म्हणत बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र गुरगुरलं, पट्टा फुगला आणि सुस्कारा टाकून सैल पडला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं आधी आकडा पाहिला, मग पुस्तकातला तक्ता, मग बाईंचं तोंड. हिचा आवाज असा खणखणीत, की वर्गानं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. आज भोंगा वाजलाच नाही.

बाईंनी पुन्हा मोजला. आकडा आणखी वर गेला.

"यंत्रच बिघडलंय," बाई हसून म्हणाल्या. हसणं जरा जास्तच झालं. "आता तुम्ही एकमेकांचा मोजा, म्हणजे कळेलच."

बाई वर्गाच्या लाडक्या होत्या, सगळा घोटाळा त्यामुळे झाला. भोंग्याचा आकडा तक्त्यात छापल्यासारखा आला. तिनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बटण दाबून आकडा घालवला आणि ठणकावून सांगितलं, "बाई, माझा पण खूपच जास्त!"

मागच्या बाकांना इशारा पुरला. "माझा तर हिच्याहून जास्त!" मग चढाओढच लागली. शेवटी एकानं सांगितलेला आकडा हत्तीलाही झेपला नसता.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" बाईंचा चेहरा उजळला.

ते तिथेच मिटलं असतं. पण बाई यंत्र बदलून मागायला मुख्याध्यापकांकडे गेल्या, आणि मुख्याध्यापक पडले खात्री करून घेणारे. त्यांनी स्वतःचा रक्तदाब मोजला. उत्तम. कारकुनाचा मोजला. त्याहून उत्तम.

"बाई, यंत्र चोख आहे," ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे अख्खी नववी 'ब'...?"

इथे बाईंना एकच वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य नंतर त्यांना कितीदा तरी भांडी विसळताना आठवलं. पण त्या म्हणाल्या, "परीक्षेचा ताण असेल, सर."

तासाभरात खेळाचा तास बंद झाला. कॅन्टीनमधलं खारट ते सगळं कुलपात गेलं. नववी 'ब'नं जिन्यावर धावायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, अशी सूचना फिरली. पालकांना फोन गेले. एक आई रडतच आली आणि ताडमाड मुलाला बखोटीला धरून घरी नेऊ लागली.

"आई, सोड ना, सगळे बघतायत!"

"गप्प! बोलू नकोस, बीपी वाढेल!"

मधल्या सुट्टीत वर्गात कुजबुज झाली. "सांगून टाकू या का खरं?"

"सांगितलं तर बाईंचं उघडं पडेल," भोंगा म्हणाली.

"मग काय करायचं?"

"मग आजारी राहायचं."

आणि ती पोरं खरंच कठडा धरून, म्हाताऱ्यांसारखी एकेक पायरी उतरू लागली. बाईंनी ते जिन्याच्या वरून पाहिलं. पण घरी नवऱ्यानं "चेहरा का असा?" विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नववी 'ब' आजारी आहे."

"सगळी?"

"सगळी."

नवऱ्यानं डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे सरकवली. मग पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलेले डॉक्टर स्वतःचं यंत्र घेऊन वर्गात आले. त्यांनी एकेकाला बसवून मोजलं आणि चष्मा काढला. "सगळी ठणठणीत आहेत. सोडा यांना पळायला. मग जास्त आकडा आला तरी कुणाचा?"

मुख्याध्यापक पंख्याकडे बघू लागले. काल बाईंच्या कपाळावरचा घाम त्यांनाही दिसला होता. सगळा वर्ग बाकाखाली वाकून काहीतरी शोधायला लागला.

"बाई, तुमचा तेवढा राहिलाय," डॉक्टर म्हणाले.

"माझा बघू नंतर. माझा तास सुरू व्हायचाय," म्हणत बाईंनी डस्टर उचललं आणि वर्गाकडे पाठ करून फळा पुसायला घेतला. कालचा धडा पुसला, आकृती पुसली. हात थांबेना. डस्टर कोपऱ्यातल्या नियमापर्यंत पोचलं.

"बाई, ते नका पुसू."

भोंगा उभी होती. आवाज इतका बारीक, की आधी कुणाला तो तिचा वाटलाच नाही.

"आम्ही खोटं बोललो, बाई. आमच्यात कुणाचाच जास्त आला नव्हता. फक्त तुमचा आला होता."