गोदामायची जपानी

अख्ख्या अकोल्यात जपानी ऐकून वाढलेली वांगी कुठं असतील, तर ती गोदामायच्या मळ्यात. सकाळी मोट सुरू झाली की ती वाफ्यावाफ्यात पाणी वळवत चालायची आणि वांग्यांना मोठ्यानं सांगायची, "ओनाका गा इताइ! ओनाका गा इताइ!" मोर्णा नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांची खात्री होती, की म्हातारीनं कुणाकडून तरी मंत्र घेतला आहे. मंत्राचा अर्थ होता, 'माझं पोट दुखतं.'

गोदामाय आमची शेजारीण. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून तिचा मळा. जातीची माळीण, वय पंचावन्नच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अक्षर एक येत नव्हतं. एकुलता एक नामदेव एका कापसाच्या व्यापाऱ्याबरोबर माल पारखायला म्हणून जपानात कोबेला गेला, तो तिकडंच रमला.

त्या काळी वऱ्हाडचा कापूस जपानला फार जायचा. त्यामुळं सदाशिव मास्तरांनी जपानी भाषेचा वर्ग काढला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मास्तर पुण्याकडचे. तरुणपणी काच बनवायला शिकायचं म्हणून जपानात गेले होते. काचेचा कारखाना काही निघाला नाही, भाषा तेवढी अंगात राहिली. जठारपेठेतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. कापूस दलालांची मुलं, एक वकील आणि जिनिंगमध्ये कारकुनी करणारा मी.

मास्तर खडू हातात घेतात न घेतात, तोच दारात गोदामाय. डोक्यावर टोपली.

"बाई, आज भाजी नको," मास्तर म्हणाले.

"इकाले कोन आलं? मी शिकाले आली."

टोपली कोपऱ्यात ठेवून ती सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी ठोकून बसली. मास्तर गडबडले, पण सज्जन माणूस. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. जपानीत होकाराला 'हाइ' म्हणतात. एखादी गोष्ट नसली तर 'नाइ' म्हणतात.

गोदामायनं माझ्याकडं संशयानं पाहिलं. "हाय बी आपलंच, नाई बी आपलंच. मंग शिकाचं काय राह्यलं, मास्तर?"

पुढं कळलं, की बरंच राहिलं होतं. पण मास्तरांचे धडे तिला पसंत पडेनात. 'हे पुस्तक आहे' हे वाक्य तिनं म्हणायचंच नाकारलं. "पुस्तक हाय थे दिसून राहिलं ना. सांगाचं काहून?" तिची स्वतःची यादी होती. पोट दुखते कसं म्हनते? थंडी वाजते कसं? तिखट लागलं? पायाले काटा रुतला? दर रविवारी एक नवी तक्रार. वकील एकदा म्हणाले, "मावशी, एवढं बोललात तर जपानात बोटीवरून उतरवून थेट दवाखान्यात नेतील."

"नेऊ दे. तुमाले कोन नेते?" गोदामाय म्हणाली.

लिहिता येत नसल्यानं तिनं वाक्यं मळ्यात पेरली होती. वांग्यात पोटदुखी, मेथीत थंडी, मिरच्यांत अर्थातच तिखट. एखादं वाक्य अडलं की डोळे मिटून ती मनानं त्या वाफ्यापर्यंत जाऊन यायची. माझं चुकलं की भर वर्गात म्हणायची, "बाबू, तुही जीभ लय जाड हाय." मास्तरांना मात्र फार जपायची. त्यांच्यासाठी न चुकता सांबाराची जुडी आणायची. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे कळेपर्यंत मास्तर दोन रविवार आमटीची वाट पाहत बसले होते.

दिवाळीपर्यंत वर्गात तिघं उरलो. मास्तर, मी आणि ती.

"गोदामाय, तू हे कशासाठी शिकतेस?" मी विचारायचो.

"जीभ गंजून राहिली होती," एवढंच उत्तर. मास्तरांना विचारलं तर ते चष्मा पुसत बसायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी खरं काय ते कळलं. नामदेवानं कोबेत लग्न केलं होतं. मुलीचं नाव हाना, म्हणजे फूल. तो तिला घेऊन येत होता. त्याची पत्रं मास्तरच वाचून दाखवत होते आणि कुणाला सांगायचं नाही, अशी गोदामायनं त्यांना शपथ घातली होती. बातमी फुटल्यावर जातीतली चार वडीलधारी माणसं मळ्यात आली. असली सून घरात घेतलीस तर आम्ही तुझ्या दारात पाणी पिणार नाही, म्हणाली.

"नका पिऊ," गोदामाय म्हणाली. "वांग्याले होईन."

ती तोऱ्यात बोलली खरी, पण ते गेल्यावर बराच वेळ विहिरीच्या काठावर नुसतीच बसून होती.

स्टेशनवर मास्तर आणि मी बरोबर गेलो. गोदामाय आता कशी बोलते, याची मला तिच्यापेक्षा जास्त धाकधूक. नामदेवाच्या मागून एक लहानखुरी मुलगी उतरली. लुगडं कसंबसं गुंडाळलेलं, चेहरा प्रवासानं सुकलेला. तिनं कमरेत वाकून नमस्कार केला. गोदामायनं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि चालू लागली. जपानीतला एक शब्द नाही!

"अगं, बोल ना काहीतरी," मी मागून पुटपुटलो.

"मले कुठी बोलाचं हाय?" ती म्हणाली.

चारपाच दिवसांनी दुपारी मी मळ्यात डोकावलो. जपानी सून पाहायला आळीतल्या बायका जमल्या होत्या. कुणी तिचे केस चाचपत होतं, कुणी पावलं पाहत होतं. हाना सगळ्यांकडं बघून हसत होती. "किती हसमुख हाय वं पोरगी!" बायका म्हणत होत्या. गोदामाय बाजूला मेथी निवडत बसली होती. तेवढ्यात हसता हसताच हाना खाली मान घालून स्वतःशी एक शब्द बोलली. "काएरिताइ."

गोदामायच्या हातातली मेथी खाली पडली.

"उठा वं समद्या! घरी जा आपापल्या!"

बायका फणकारत निघून गेल्या. मीही कुंपणापाशी सरकलो. तो शब्द मलाही येत होता. घरी जावंसं वाटतं. गोदामायनं सुनेला जवळ ओढलं. "व्हय माय, व्हय. कसं नाई वाटनार?" आपलं बोलणं इथं नवऱ्याशिवाय आणखी कुणाला तरी कळलं, हे ध्यानात यायला हानाला क्षणभर वेळ लागला. मग तिचं हसू गेलं आणि लहान पोरीसारखी ती मोठमोठ्यानं रडू लागली. गोदामाय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गप्प बस म्हणाली नाही.

ऊन कलल्यावर हाना झोपली. गोदामाय विहिरीच्या काठावर माझ्यापाशी येऊन टेकली.

"मी मोगलाईतली, बाबू. पैनगंगेच्या पल्याड, पार आत. तिकडे समदे तेलंगी बोलत. नऊ वर्साची या घरात आली, मराठीचा शबुद येत नव्हता. पयल्याच दिवशी तहान लागली. नवरीनं उठाचं नाई, हातवारे कराचे नाई. मी आपली म्हनून राहिली, नीळ्ळू, नीळ्ळू. आमच्यात पान्याले नीळ्ळू म्हनत. सासूले वाटलं, पोरगी निळं काहीतरी मांगून राहिली. वाईट नव्हती बिचारी. बजारातून निळ्या बांगड्या घेऊन आली." ती हसली. "बांगड्या घातल्या, अन् कोनी नाई पाहून गोठ्यात जाऊन बैलाच्या पान्याच्या नांदीले तोंड लावलं."

मी गोठ्याकडं पाहिलं.

"मंग आली मराठी. अशी आली, का तेलंगीले जागाच नाई राह्यली. माह्या मायचं एक गानं होतं, थे बी गेलं. आता थो एकच शबुद हाय माह्यापाशी."

बैल वैरण खात होते. ती थोडा वेळ बोटानं काठावरचं शेवाळ खरवडत बसली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "तुमच्या जिनात तेलंगी बोलनारा कोनी हाय का?"

"आहे ना. राजय्या फिटर."

"थो शिकवीन का मले?"

"विचारतो."

गोदामाय उठली. पदर सारखा केला.

"इचार," म्हणाली. "कोन्या वारी येऊ?"